पुण्यातल्या घरी वाइन टेस्टिंग डिनर: यजमानांनी काय करावं, पाहुण्यांनी काय पाळावं

घरी वाइन टेस्टिंग डिनर करायचं ठरलं की बहुतेक जण आधी बाटल्यांच्या किमती बघायला लागतात. माझ्या मते पुण्यात त्याआधी दोन गोष्टींचा विचार करायला हवा: वाइन कितपत गार आहे आणि जेवण कितपत तिखट आहे. एवढं सांभाळलं तर नाशिकची मध्यम किमतीची शिराझ नावाची लाल वाइनसुद्धा मनापासून दाद घेऊन जाते. नाही सांभाळलं तर महागडी फ्रेंच बाटलीही कडवट आणि जळजळीत लागते. पुढचं बरंचसं लिखाण या दोन गोष्टींभोवती फिरतं. बेत आठ माणसांचा, पाच वाइनचा आणि आपल्याच स्वयंपाकाचा धरला आहे.

वाइन निवडताना

पहिल्याच वेळी देशोदेशीच्या दहा बाटल्या मांडू नका. पाच-सहा वाइननंतर जीभ थकते आणि पहिली कशी होती ते कुणालाच आठवत नाही. त्यापेक्षा जोड्या लावा. एकटी वाइन चाखून तिच्याबद्दल काय बोलावं ते नवख्याला सुचत नाही. तेच दोन ग्लास शेजारी ठेवले की ‘ही जास्त आंबट आहे’, ‘हिनं जीभ कोरडी पडली’ असं कुणीही सांगू लागतं. चाखायला शिकणं तिथूनच सुरू होतं.

माझी पसंती अशी: स्वागताला एक ब्रूट, म्हणजे अगोड, स्पार्कलिंग (बुडबुड्यांची) वाइन. मग पांढऱ्यांची जोडी, सॉव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां. मग लाल जोडी, सांजोवेझे आणि शिराझ. हवी तर शेवटी गोडासोबत लेट हार्वेस्ट शेनिन, म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड वाइन, तीही अगदी थोडी. हे सगळे प्रकार महाराष्ट्रात तयार होतात, आणि पुण्यातल्या टेबलावर ते आधी यावेत असं मला मनापासून वाटतं. पुणे जिल्ह्यातच, नारायणगावला, शामराव चौगुले यांच्या इंडाज कंपनीनं १९८०च्या दशकात फ्रेंच पद्धतीची स्पार्कलिंग वाइन करून दाखवली होती. नाशिकला राजीव सामंत यांची सुला ही वायनरी, म्हणजे वाइन बनवण्याचा कारखाना, १९९९ साली उभी राहिली. २००१ साली राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि नाशिक परिसरात वायनरी वाढत गेल्या. अकलूजच्या फ्रातेल्ली वायनरीनं सांजोवेझे हे मूळचं इटलीतलं द्राक्ष सोलापूर जिल्ह्यात रुजवलं. पाहुण्यांना ही माहिती थोडक्यात सांगा, बाटलीकडे बघायची त्यांची नजर बदलते.

बाटलीवरचं साल, म्हणजे द्राक्षतोडणीचं वर्ष, वाचायलाही शिका. आपल्याकडे द्राक्षबागेची छाटणी वर्षातून दोनदा होते: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी. म्हणून वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये येते, युरोपातल्यासारखी सप्टेंबरात नाही. आपल्या बहुतेक पांढऱ्या वाइन ताज्या असतानाच चांगल्या लागतात. तोडणीला तीन वर्षं उलटून गेलेली साधी पांढरी बाटली मी घेत नाही. चांगल्या लाल वाइनना अजून काही वर्षं देता येतात.

दुकानात बाटली कशी ठेवली आहे ते बघा. दरवाजाजवळ, उन्हाच्या तिरिपेत किंवा वरच्या फळीवर ट्यूबलाइटला चिकटून महिनोन्‌महिने उभी असलेली बाटली नको. बूच वर सरकलेलं दिसलं किंवा मानेशी चिकट ओघळ असला तर ती उष्णतेनं बिघडलेली असण्याची शक्यता मोठी. एप्रिल-मेमध्ये खरेदी झाल्यावर बाटल्या गाडीच्या डिकीत ठेवून बाकीची कामं करत हिंडू नका, थेट घरी न्या. आणि झाकण फिरकीचं आहे म्हणून वाइन हलकी समजू नका. अशा झाकणाखाली ताजी वाइन उत्तम टिकते, शिवाय बुचामुळे येणाऱ्या वासाचा धोका राहत नाही.

कायद्याचंही बघून घ्या. महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची अट २१ वर्षं आहे आणि मद्य बाळगायला व प्यायला परवाना लागतो. सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये किंवा भाड्याच्या हॉलमध्ये कार्यक्रम करणार असाल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून एक दिवसाचा परवाना आधीच काढा. तारीख ठरवताना ड्राय डे तपासा. २ ऑक्टोबर सगळ्यांच्या लक्षात असतो. गणेशोत्सवातले आणि निवडणुकीतले दिवस मात्र विसरले जातात, आणि त्या दिवशी दुकान बंद असतं.

वाइन किती गार हवी

लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी हा सल्ला थंड देशातल्या घरांना धरून दिलेला आहे. तिथे खोलीचं तापमान म्हणजे १६ ते १८ अंश. पुण्यात मार्च ते जून संध्याकाळी सातलाही घरात २९-३० अंश असतात. त्या तापमानाला शिराझ ओतली की आधी नाकात अल्कोहोल शिरतं आणि फळाचा वास त्यामागे दडतो. जिभेवर ती सैल, जड लागते. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात फरक कमी पडतो, पण डिसेंबरातले काही दिवस सोडले तर लाल वाइन पुण्यात थोडी गार करावीच लागते.

स्पार्कलिंग ६ ते ८ अंशांवर, पांढरी ८ ते १२, सांजोवेझेसारखी मध्यम लाल १५-१६ आणि शिराझ १६ ते १८. घरचा फ्रिज साधारण ४-५ अंशांवर चालतो. त्यामुळे पांढऱ्या आणि स्पार्कलिंग बाटल्या सकाळीच फ्रिजमध्ये जाऊ द्या. पांढरी ओतण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटं बाहेर काढा, कारण फार गार वाइनला वासच येत नाही. लाल बाटल्या उन्हाळ्यात वाढण्यापूर्वी दीड-दोन तास फ्रिजमध्ये ठेवा. घाई असेल तर बादलीत बर्फ आणि पाणी निम्मं-निम्मं घ्या, मूठभर मीठ टाका आणि बाटली मानेपर्यंत बुडवा. पांढरी वाइन अर्ध्या तासाच्या आत तयार होते, लाल दहा-बारा मिनिटांत. नुसत्या बर्फात खोचलेली बाटली लवकर गार होत नाही, कारण बर्फाच्या तुकड्यांमध्ये हवा राहते. स्वयंपाकघरातला खुपसायचा थर्मामीटर असला तर सगळे अंदाज संपतात.

टेबलावर हे दाखवायचा सोपा प्रयोग आहे. त्याच शिराझचा एक ग्लास तासभर आधी ओतून बाहेर ठेवा, दुसरा ऐन वेळी गार बाटलीतून ओता आणि काही न सांगता दोन्ही पुढे करा. एकच बाटली आहे हे बऱ्याच जणांना आधी पटत नाही.

घर, ग्लास आणि टेबल

वाइनची निम्मी मजा वासात आहे. त्यामुळे दुपारनंतर घरात उदबत्ती, धूप, सुगंधी मेणबत्ती काही नको. देवापुढे दिवा लावायचा असेल तर नुसती सांजवात लावा. टेबलावर निशिगंध किंवा मोगरा ठेवायचा मोह होतो, पण ती फुलं दुसऱ्या खोलीत शोभून दिसतील. फोडण्या आणि वाटणं पाहुणे यायच्या दीड तास आधी उरकून खिडक्या उघडा. वन बीएचकेमध्ये ऐन वेळी मासे तळलेत तर पुढच्या तासाभरात कुठल्याच वाइनचा वास कळणार नाही. म्हणून मासे केळीच्या पानात वाफवलेले बरे.

ग्लास दांडीचे, पारदर्शक, वरच्या बाजूला किंचित निमुळते घ्या. चाखण्यासाठीच्या ग्लासचं आंतरराष्ट्रीय मानक १९७७ साली ठरलं आणि तो ग्लास जेमतेम २१५ मिलिलिटरचा आहे. म्हणजे भल्यामोठ्या ग्लासची गरजच नाही. माणशी दोन ग्लास पुरतात, कारण आपण जोडीनं चाखणार आहोत. पहिली जोडी संपली की पुढच्या वाइनचा चमचाभर ग्लासात फिरवून ओतून टाका आणि मग भरा. कपाटातून काढलेले ग्लास हुंगून बघा. मसाल्याच्या डब्यांशेजारी पालथे ठेवलेल्या ग्लासांत बंद कपाटाचा वास बसतो. गरम पाण्यानं धुऊन सुती फडक्यानं पुसा. साबण वापरलाच तर भरपूर पाण्यानं काढा, नाहीतर स्पार्कलिंगचे बुडबुडे लगेच मरतात.

टेबलावर पांढरी चादर किंवा प्रत्येकापुढे पांढरा कागद, म्हणजे रंग नीट दिसतो. साधं पाणी भरपूर. तोंड साफ करायला बिनमसाल्याचा पाव. आणि प्रत्येकाजवळ एक स्टीलचा उंच पेला, नको असलेली वाइन टाकायला किंवा घोट थुंकायला. आपल्याकडे जेवणाच्या टेबलावर थुंकणं अशिष्ट वाटतं, म्हणून काचेचं भांडं नको. पेल्यातलं बाहेरून दिसत नाही आणि कुणाला संकोच होत नाही. यजमानानं पहिल्या वाइनला स्वतः तो वापरला की बाकीचेही वापरतात.

ओतणं आणि चाखणं

मापट्यानं ६० मिलिलिटर पाणी एका ग्लासात घाला, ते कुठवर येतं ते नजरेत बसवा आणि रात्रभर तेवढंच ओता. ७५० मिलिलिटरच्या बाटलीतून आठ जणांना हे देऊन २७० मिलिलिटर उरते, ती पुढे जेवताना ज्याला जी आवडली तिच्यासाठी. पाच वाइनचे प्रत्येकी ६० म्हणजे माणशी ३०० मिलिलिटर, हॉटेलात मिळणारे दोन ग्लास. बेत आखताना हा आकडा डोळ्यांसमोर ठेवा.

स्पार्कलिंगचं बूच उडवू नका. आत ५-६ वातावरणांइतका दाब असतो आणि डोळ्याला लागलं तर इजा गंभीर होते. बाटली गारच हवी. तारेची जाळी सैल केल्यापासून अंगठा बुचावरून काढायचा नाही. बाटली तिरकी धरा, बूच घट्ट पकडून ठेवा आणि फिरवायची ती बाटली. हलकासा उसासा ऐकू आला की झालं. साध्या बुचाच्या बाटल्या पाहुणे यायच्या आधीच उघडून यजमानानं चाखाव्यात. पावसाळ्यात ओल लागलेल्या वर्तमानपत्रासारखा कुबट वास आला तर बुचातल्या टीसीए नावाच्या द्रव्यानं वाइन बिघडलेली आहे. ती पिऊन अपाय होत नाही, पण टेबलावर आणू नये. यासाठी लाल-पांढऱ्यातली एकेक जादा बाटली घरात असू द्या. तरुण शिराझ अर्धा तास आधी काचेच्या जगमध्ये ओतून ठेवली की मोकळी होते.

चाखायचा क्रम सांगताना लांबलचक भाषण नको. आधी रंग, मग न हलवता वास, मग ग्लास गोल फिरवून पुन्हा वास. घोट लहान घ्यायचा, तोंडभर फिरवायचा आणि चार गोष्टी शोधायच्या: गोडवा किती, आंबटपणामुळे तोंडाला पाणी सुटतं का, हिरड्यांना तुरटपणा जाणवतो का, आणि गिळल्यावर चव किती वेळ रेंगाळते. ग्लासच्या कडेनं उतरणाऱ्या ओघळांवरून वाइनचा दर्जा सांगणारे भेटतात. त्यावरून अल्कोहोल आणि साखरेचा थोडा अंदाज येतो, दर्जा कळत नाही.

प्रत्येक वाइन आधी नुसती चाखा, मग पदार्थाचा घास, मग पुन्हा घोट. संध्याकाळचा खरा शोध या तिसऱ्या पायरीत आहे. त्यासाठी एका जोडीला पंचवीस मिनिटं लागली तरी लागू द्या.

लाल जोडी वर्तमानपत्रात गुंडाळून, फक्त आकडा लिहून फिरवली तर चर्चा जास्त मोकळी होते. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनी अशीच नावं झाकून वाइन चाखल्या आणि पांढऱ्या-लाल दोन्ही गटांत पहिला क्रमांक कॅलिफोर्नियाच्या वाइनना दिला. लेबल झाकल्यावर जाणकारांचंही मत बदलतं. आपल्या टेबलावर वेगळं काही होत नाही.

जेवण

अल्कोहोल मिरचीची जळजळ वाढवतं आणि टॅनिनचा, म्हणजे द्राक्षाच्या सालीतून लाल वाइनमध्ये उतरणाऱ्या द्रव्याचा, तुरटपणा त्यात भर घालतो. म्हणून कोल्हापुरी तांबडा रस्सा आणि दणकट लाल वाइन ही जोडी कागदावर मर्दानी वाटली तरी तोंडात भांडते. उलट तेल-तूप, मीठ, दाण्याचं कूट, नारळ आणि मटणाची चरबी टॅनिनला मऊ करतात. थोडी गोडसर वाइन तिखट शमवते. एवढं समजलं की आपल्या स्वयंपाकात जोड्या आपोआप दिसू लागतात. मिरची नेहमीच्या निम्मी करा, बाकी मसाला तसाच ठेवा. गोडा मसाला वाइनला अजिबात त्रास देत नाही.

स्पार्कलिंगसोबत तळलेलं आणि खारट हवं. कुरकुरीत कोथिंबीर वडी उत्तम. बाकरवडीही चालते, तिच्यातला गोडवा आणि खसखस बुडबुड्यांसोबत खुलते.

सॉव्हिन्यों ब्लांला हिरवा, गवती वास आणि चांगला आंबटपणा असतो. केळीच्या पानात वाफवलेलं पापलेट, वर ओलं खोबरं-कोथिंबिरीची मवाळ चटणी. शाकाहारी ताटात काकडीची खमंग कोशिंबीर. मासे लाल वाइनसोबत मात्र देऊ नका. लाल वाइनमध्ये लोहाचं प्रमाण जास्त असलं की माशानंतर तोंडात हिवस, धातूसारखी चव उरते.

शेनिन ब्लां निवडताना किंचित गोडाकडे झुकणारी घ्या आणि सोबत अळूवडी द्या. चिंच-गुळाचा पदार्थ अगदी अगोड वाइनसोबत खाल्ला तर वाइन नुसती आंबट लागते. पदार्थात जेवढा गोडवा, तेवढा तरी वाइनमध्ये हवा. या संध्याकाळी माझी सगळ्यात आवडती जोडी हीच. ओल्या काजूंचा हंगाम असेल तर त्यांची नारळाच्या रसातली उसळही इथेच वाढा.

सांजोवेझेचा आंबटपणा टोमॅटोशी आणि भरल्या वांग्याशी जमतो. वांग्यात दाण्याचं कूट, तीळ, खोबरं सढळ हातानं घाला, लाल तिखट जपून. शिराझला मूळचाच मिऱ्याचा वास असतो. तिच्यासोबत भाजल्या कांदा-खोबऱ्याच्या काळ्या वाटणातलं सुकं मटण, लवंग-मिरे पुढे आणि मिरची मागे. मटण न खाणाऱ्यांना त्याच वाटणातले मशरूम द्या. इथे एक गंमत करून बघा. शिराझचा घोट घ्या, मग मीठ लावलेली लिंबाची फोड चाटा आणि पुन्हा घोट घ्या. मघाशी तुरट वाटलेली वाइन एकदम गुळगुळीत होते. ताटात मीठ आणि लिंबू डावीकडे वाढायची आपली जुनी रीत वाइनच्याही कामी येते.

श्रीखंड, पुरणपोळी, बासुंदी यांच्यापुढे कुठलीही वाइन टिकत नाही. गोड पदार्थ वाइनपेक्षा कमी गोड असावा लागतो. लेट हार्वेस्ट ठेवणार असाल तर हंगामात पुरंदरचे ताजे अंजीर द्या, एरवी साधी नानकटाई. श्रीखंड करायचंच असेल तर वाइन आवरून झाल्यावर, निवांत.

कुणी न पिणारं असेल तर त्यांच्यापुढेही दांडीचाच ग्लास ठेवा. कोकम सरबत, ताज्या काळ्या द्राक्षांचा रस आणि सोलकढी क्रमानं द्या, म्हणजे तेही प्रत्येक पदार्थाशी जोडी लावून बघू शकतात. काटेकोर शाकाहारी पाहुण्यांना आधीच सांगा की वाइन नितळ करताना काही ठिकाणी अंड्याचा बलक काढून उरलेला पांढरा भाग किंवा माशापासून काढलेला पदार्थ वापरतात, काही ठिकाणी बेंटोनाइट नावाची माती. उत्पादकाला विचारून खात्री करून घेता येते.

पाहुणे म्हणून जाताना

परफ्यूम, अत्तर, गजरा त्या दिवशी नको. आधी तासभर चहा-कॉफी, बडीशेप, पान, पेपरमिंट टाळा. उपाशीपोटी जाऊ नका, निघताना वरण-भात किंवा दहीपोहे पोटात असू द्या. वेळेवर पोचा, कारण गार केलेली बाटली कुणासाठी थांबत नाही.

बाटली भेट न्यायची असेल तर द्या आणि विसरा. ती त्याच रात्री उघडायची की नाही हे यजमानानं ठरवावं, त्यांचा क्रम आधीच लागलेला असतो. ग्लास दांडीला धरा, पोटाला धरला की हाताच्या उबेनं वाइन तापते. कुणी ओतत असताना ग्लास उचलून पुढे करू नका, टेबलावरच राहू द्या, म्हणजे माप चुकत नाही आणि सांडत नाही. पातळ ग्लास कडेला कड लावून वाजवू नका, तडा जातो. पोटाला पोट हलकेच.

मत सांगायची घाई करू नका. एकानं ‘जांभळाचा वास येतो’ म्हटलं की सगळ्यांना जांभूळच येऊ लागतं. आधी कागदावर दोन शब्द लिहा, मग बोला. परदेशी फळांची नावं पाठ असायची गरज नाही. करवंद, पेरू, चिंच, ओली माती, भाजलेलं खोबरं, यांतलं जे आठवेल ते लिहा. वायनरीनं हॉटेलात ठेवलेल्या डिनरला गेलात आणि वाइनमेकर समोर असला तर द्राक्षं कुठल्या बागेतली आणि वाइन ओक लाकडाच्या पिंपात किती महिने होती हे जरूर विचारा. एवढ्या मेहनतीनं केलेल्या मालाबद्दल कुणी मनापासून विचारलं की ती माणसं भरभरून सांगतात.

परत जाताना गाडी चालवू नका. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही कायद्याची मर्यादा आहे आणि तीनशे मिलिलिटर वाइननंतर ती सहज ओलांडली जाऊ शकते. यजमानांनी निमंत्रण देतानाच कॅबनं यायला सांगावं आणि रात्री प्रत्येकाची कॅब आली की नाही ते बघावं.

दुसऱ्या दिवशी

उरलेल्या बाटल्या झाकण लावून फ्रिजमध्ये उभ्या ठेवा, लालसुद्धा. साध्या वाइन दोन-तीन दिवस बऱ्या राहतात, लेट हार्वेस्ट आठवडाभरही. स्पार्कलिंग दुसऱ्या दिवशी संपवावी, आणि खास तिचं दाब धरणारं झाकण मिळतं ते घेऊन ठेवलं तर बुडबुडे टिकतात. लाल वाइनचा तळ उरला असेल तर मटणाच्या रश्श्यात घाला, पण उकळी नीट येऊ द्या. चादरीवर सांडलेल्या लाल डागावर लगेच मीठ पसरून मग गार पाण्यात भिजवा. आणि पाचही लेबलांचे फोटो, दुकानाचं नाव आणि कुणाला कुठली जोडी आवडली ते ग्रुपवर टाका. पुढच्या खेपेला कोणती द्राक्षं शेजारी मांडायची, ते त्या यादीवरून ठरवता येतं.